आपला प्रश्न चुकला होता, शालनताई

शालनताई,

तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. ऑफिसातल्या सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, कारण सात वर्षं आपण दोघं फील्डवर बरोबर फिरलो होतो. पण मी मान हलवून नाही म्हटलं. माझ्याआधी तिघं बोलून गेले होते आणि तिघांनीही तुम्हाला शांत, सोशिक, मितभाषी ठरवून टाकलं होतं. मी शेवटच्या रांगेत बसून हसू दाबत होतो. तुम्ही आणि मितभाषी! माझ्याशी तर तुम्ही पहिल्या दिवशीच भांडलात. म्हणून ठरवलं, घरी बसून लिहावं. तिथे उभा राहिलो असतो तर मलाही तुमच्याबद्दल नुसतं चांगलंच बोलावं लागलं असतं.

तो पहिला दिवस आठवतो ना? मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन आलेलो, वयाने तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि हुद्द्याने तुमचा साहेब. तुम्ही फील्ड सुपरवायझर. काम असं होतं की मीरा-भाईंदरमधले छोटे धंदे, म्हणजे मालकासकट दहा माणसांच्या आतले, फोन, इंटरनेट, कुरिअर, पोस्ट हे सगळं कसं वापरतात आणि कुठे अडतात, ते शोधून काढायचं. मी नोंदणी असलेल्या दुकानांची यादी मिळवली होती. यादीत फोन नंबर होते. सगळ्या मुलाखती फोनवरूनच घ्यायच्या, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

तुम्ही यादी चाळलीत आणि विचारलंत, "फोन कसा चालतो, ते फोनवरच विचारणार?"

"हो."

"आणि ज्याचा लागत नाही तो?"

"तीन वेळा लावून बघायचा. नाहीच लागला तर यादीतलं पुढचं नाव घ्यायचं."

"म्हणजे ज्याचा फोन चालतो तोच आपल्याला सांगणार, की फोन चालतो."

मी तुम्हाला नमुना निवडीची पद्धत समजावायला लागलो. तुम्ही ती सगळी ऐकून घेतलीत, मधे एकदाही तोडलं नाही, आणि शेवटी पर्स उचलून म्हणालात, "चल, तुला गाळे दाखवते." चारचौघांत तुम्ही मला 'सर' म्हणायचात. गल्लीत शिरलं की मी 'अरे ऐक' व्हायचो. त्या दिवशी भाईंदर पूर्वेला पोचेपर्यंत मी 'अरे ऐक' झालो होतो.

स्टीलच्या डब्यांना पॉलिश करणारा तो गाळा. आत मशीनचा असा आवाज की एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलावं लागत होतं. मालकांना तुम्ही फोनचं विचारलंत. ते हात पुसत बाहेर आले. "अंदर नही पकडता, मॅडम. वहाँ जाना पडता है, सीढी पे." आणि ते आपल्याला जिन्यापाशी घेऊन गेले. तिसऱ्या पायरीवर रेंज येत होती. दुसरीवर नाही, चौथीवर नाही. त्या पायरीवर शेजारच्या गाळ्यातला एकजण आधीच उभा राहून कुणाला तरी माल उद्या देतो म्हणून सांगत होता. त्याचं झाल्यावर पॉलिशवाले मालक चढले. त्या मजल्यावरच्या चार गाळ्यांचा धंदा एका पायरीवर चालला होता. मी यादी काढून बघितली. या गाळ्याचं नाव तिच्यात नव्हतं. शेजारच्या एकाचं होतं, पण तो दोन वर्षांपासून बंद होता.

तुम्ही काही बोलला नाहीत. तिथे तुम्हाला मितभाषी म्हणता आलं असतं.

मग आपली तडजोड झाली. यादीतल्यांना फोन, आणि बाकीच्यांसाठी वस्त्या वाटून घेऊन, एकेका गल्लीत पायी फिरून प्रत्येक दाराची नोंद. त्यात भावोजींची केवढी मदत झाली! तुमचे यजमान जन्मभर याच भागात टपाल वाटून निवृत्त झालेले. कुठल्या गाळ्याच्या पोटात दुसरा गाळा आहे, कुठल्या घराच्या ओटीवर इमिटेशनचे दागिने जोडायचं काम चालतं, हे त्यांना तोंडपाठ. ते तुमच्या डायनिंग टेबलावर नकाशे काढायचे आणि तुम्ही त्यांच्या चुका काढायचात.

तेवढ्यावर आपलं सुरळीत झालं असेल असं कुणाला वाटेल. फील्ड सुरू होऊन तिसऱ्याच दिवशी, दुपारी, तुमचा फोन आला.

"काम थांबवलंय मी."

"कुठलं?"

"सगळं. सगळ्यांना सांगितलंय, आज कुणी फॉर्म भरू नका."

"ताई, कुणाला विचारून?"

"मासळीवालीला विचारून. तू उत्तनला ये."

आता सांगायला हरकत नाही. बसने उत्तनला पोचेपर्यंत तुमच्याविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा मी मनातल्या मनात पूर्ण केला होता. फक्त सही बाकी होती.

फिलूमावशी बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या. सुक्या मासळीचा त्यांचा धंदा, त्या आणि त्यांची सून मिळून. सकाळीच आपल्या मुलाखत घेणाऱ्या मुलींपैकी एकीने त्यांची मुलाखत घेतली होती आणि 'धंद्यासाठी इंटरनेट वापरता का' यापुढे 'नाही' अशी खूण केली होती. तुम्ही शेजारी उभ्या राहून ते ऐकत होतात.

"मावशी, या सरांना परत सांगा. धंद्याला इंटरनेट वापरता?"

"न्हाय वो. त्यो ऑफिसवाल्यांचा काम."

"आणि आजची बोंबलाची ऑर्डर कुठून आली?"

"व्हॉट्सॲपवर. वसईची एक बाई हाय, तिला मी फोटो धाडते. तिला आवडला की ती पैशे पण मोबाइलवरच टाकते. नेट हाय ना माझ्याकडं."

"नेट हाय, पण इंटरनेट न्हाय," तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात.

मावशी हसल्या. मला हसू येत नव्हतं. तीन दिवसांत भरलेल्या प्रत्येक फॉर्मवरचं 'नाही' माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. त्यातलं खरं 'नाही' कुठलं आणि फिलूमावशींचं 'नाही' कुठलं, कसं ओळखायचं? मी म्हणालो, लोकांनी चुकीची माहिती दिली तर आपण काय करणार. तेव्हा तुम्ही चिडलात. एवढ्या चिडलेल्या तुम्ही मला पुन्हा कधी दिसला नाहीत.

"चुकीची? तिने एक अक्षर चुकीचं सांगितलेलं नाही. तू तिला तुझ्या भाषेत विचारलंस, तिने तिच्या भाषेत उत्तर दिलं. आपला प्रश्न चुकला."

मासळीच्या वासात, एका उलट्या टोपलीवर बसून आपण तो प्रश्न पुन्हा लिहिला. 'इंटरनेट' हा शब्दच काढून टाकला. गिऱ्हाइकाला फोटो पाठवता का, मेसेजवर ऑर्डर घेता का, पैसे मोबाइलवर येतात का, असं एकेक करून विचारायचं ठरलं. लिहून झालं की तुम्ही ते मावशींना वाचून दाखवायचात. त्या 'आता समाजला' म्हणाल्या की पुढचं. आमच्या शास्त्रात याला मोठं नाव आहे. तुम्ही त्याला 'चाखून बघणं' म्हणायचात.

आणि मग जुन्या फॉर्मवाल्या प्रत्येक दुकानात पुन्हा जायचं होतं. ते काम तुम्ही कुणावर ढकललं नाहीत. मी तुमच्याबरोबर होतो म्हणून मला माहीत आहे. तुम्ही दारात उभ्या राहून आधी एकच वाक्य बोलायचात, "आमचा प्रश्न चुकला होता, परत विचारायला आलोय." 'तुमचं उत्तर नीट कळलं नाही' असं एकदासुद्धा म्हणाला नाहीत. एक हार्डवेअरवाले शेठ वैतागले. "गलती आपकी, और टाइम मेरा?" तुम्ही म्हणालात, "हां भैया, इसी लिये खडी हूँ, बैठी नही." ते उठले आणि त्यांनी स्वतः स्टूल पुढे केलं.

मी माझ्या कॉलेजात प्रश्नावली कशी करावी यावर पेपर दिला होता, आणि त्यात मला चांगले गुण होते. पण प्रश्न विचारणाऱ्याने चूक कबूल केली तर उत्तर देणारा मोकळा होतो, हे मी त्या दुकानात शिकलो. आज माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिलं शिकवतो.

आता आपल्या भांडणाकडे येतो. ते मिटलेलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी माझी बाजू सोडणार नाही.

खारी गावातलं पाष्ट्यांचं दुकान. सोफ्याची कव्हरं, पडदे शिवून द्यायचं. पाष्टे मूळचे रत्नागिरीचे, गल्ल्यावर बसलेले. आत शिलाई मशीनवर वहिनी. आपला फॉर्म सांगत होता की धंद्यातल्या फोन-इंटरनेटचे निर्णय जो घेतो, त्याचीच मुलाखत घ्या. पाष्टे म्हणाले, निर्णय मीच घेतो. ठीक. रस्ता खणला तेव्हा त्यांची लाइन आठवडाभर बंद पडली होती. त्याने काय फरक पडला, असं आपण विचारलं.

"काही नाही. होतं असं. आठ दिवसांनी आली परत."

मशीनचा आवाज थांबला. "यांना नाही पडला फरक," वहिनी आतून म्हणाल्या. "मला पडला. कापडाचे फोटो गिऱ्हाइकांना मी पाठवते. रोज दुपारी समोरच्या बिल्डिंगमध्ये बहिणीकडे जात होते चार जिने चढून. तीन बायका थांबल्या नाहीत, दुसरीकडे गेल्या."

पाष्टे वळून बघायला लागले. "मला नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी?"

बाहेर पडल्यावर रस्त्यातच आपली जुंपली. तुमचं म्हणणं, दोघांची मुलाखत घ्यायला हवी. माझं म्हणणं, एक धंदा, एक माणूस, एक उत्तर. एका दुकानात दोघांना विचारलं आणि दुसऱ्यात एकालाच, तर तुलना कशी करणार?

"मग सगळीकडे दोघांना विचार."

"आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर काय लिहायचं?"

"जुळली नाहीत असं लिहायचं."

"ताई, असं नसतं. रकान्यात एकच आकडा बसतो."

"मग आपण धंद्याला विचारतोय की गल्ल्यावरच्या खुर्चीला?"

हे वाक्य तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत, मोजदाद नाही. मी अजून म्हणतो की तुमचं निम्मं बरोबर आहे. दोन माणसांना विचारलं की दोन सत्यं मिळतात असं नाही; कधी कधी नुसतं घरातलं भांडण मिळतं. तुम्ही म्हणायचात, तेही धंद्याचाच भाग आहे.

कबूल करायला तुम्ही कमी नव्हतात, हेही लिहून ठेवतो. लॉकडाऊनमध्ये सगळ्या मुलाखती फोनवर घ्याव्या लागल्या. जी गोष्ट तुम्हाला पटत नव्हती तीच करायची वेळ आली. महिनाभर तुम्ही घरातून फोन लावलेत आणि मग एक दिवस मला म्हणालात, "अरे ऐक, एक गोष्ट तुझी बरोबर निघाली. फोनवर बाई जास्त बोलते. दारात नवरा उभा नसतो ना." मी ती तारीख लिहून ठेवायला हवी होती.

आता जे सांगायचं राहिलं ते.

पहिल्या पाहणीचा अहवाल आपण काम देणाऱ्या कार्यालयात मांडला, तेव्हा तुम्ही मागच्या खुर्चीवर होतात. हिरवी साडी होती. मी पडद्यावर तक्ते दाखवत होतो. इंटरनेटचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्यातले वरिष्ठ थांबले आणि म्हणाले, हा प्रश्न असा मोडून विचारायची कल्पना फार चांगली, ही कशी सुचली? मी काय उत्तर दिलं ते तुम्ही ऐकलंत. मी म्हणालो, "फील्डवर काम करताना लक्षात आलं."

लक्षात आलं! आपल्या भाषेत ही सोय आहे. कुणाच्या लक्षात आलं ते न सांगताही वाक्य पूर्ण होतं. पूर्ण होतं आणि ऐकणारा समजतो की बोलणाऱ्याच्याच लक्षात आलं असणार. ते वरिष्ठ माझ्याकडे बघून मान डोलावत राहिले आणि मी ती दाद घेतली. मी मागे बघितलं नाही. बाहेर आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "चहा घेणार?" आपण चहा घेतला. मला वाटलं, तुमच्या ध्यानातही आलं नसेल. पुढे वाटायला लागलं की आलं असेल, पण तुम्ही मोठ्या मनाने सोडून दिलं असेल. तुम्हाला मोठ्या मनाचं ठरवणं माझ्या सोयीचं होतं.

यंदा पुन्हा तेच काम आपल्याकडे आलं. नवी प्रश्नावली घेऊन मी तुमच्या घरी आलो तेव्हा तुमचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, चष्मा लावून. तुम्ही दोन प्रश्न खोडलेत, एकाची भाषा सरळ केलीत आणि दोन माणसांच्या मुलाखतीवरून पुन्हा मला धारेवर धरलंत. भावोजी आतून म्हणाले, तिला बोलायला लावू नका. तुम्ही म्हणालात, "मी कुठे बोलतेय, मी विचारतेय." त्या दिवशी मला ते सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण तुम्ही एवढ्या जोरात होतात की वाटलं, पुढच्या खेपेला सांगू. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या घरी आलो. बुद्धवंदना झाली, लोक पांगले. भावोजी गॅलरीत एकटे उभे होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती बैठक, ते 'लक्षात आलं', ती दाद. म्हटलं, "ताईंना कळलं नसेल कदाचित, पण माझ्या मनात राहून गेलंय."

भावोजी एकदम हसले. त्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसले असावेत. "कळलं नसेल? अहो निलेशभाऊ, दोन दिवस शिव्या घालत होती तुम्हाला! भाकऱ्या थापता थापता. मी म्हटलं, अगं मग तोंडावर विचार ना त्याला."

"मग का नाही विचारलं?"

"म्हणाली, मी विचारलं की तो लगेच हो म्हणेल. ते उत्तर मीच त्याच्या तोंडात घातल्यासारखं होईल. त्याचं त्याने सांगितलं तरच ते खरं."

ताई, मला फार बरं वाटलं. तुम्ही मोठ्या मनाने सोडून दिलं नव्हतं. तुम्ही रागावला होतात, आणि रागावूनही पुढची सगळी वर्षं माझ्याबरोबर उन्हात फिरलात. क्षमेपेक्षा हे मला जास्त झेपतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्या कार्यालयाला पत्र लिहिलं. तो प्रश्न कुणी थांबवला, कुठे थांबवला, कुणी नव्याने लिहिला, सगळं नावानिशी. फिलूमावशींची परवानगी घेऊन त्यांचंही नाव घातलं. वाक्यांना कर्ता दिला. ते वरिष्ठ आता तिथे नाहीत, पण पत्र अहवालाला जोडलंय असं उत्तर आलं. आणि यंदाच्या पाहणीत दर चौथ्या धंद्यात दोघांची मुलाखत घ्यायचं मी मंजूर करून घेतलं. मला पटलंय असं नाही. पण चाखून बघायला काय हरकत आहे?

काल घोडबंदरला गेलो होतो, मुलाखत घ्यायला मी स्वतः. हायवेच्या कडेला एक रोपवाटिका आहे, नवरा-बायको चालवतात. दोघांशी वेगवेगळं बोललो. आधी तो, कुंड्यांपाशी; मग ती, मागच्या शेडमध्ये. रेंज कुठे जाते, ऑर्डर कोण घेतं, फोन बंद पडला तर पहिलं नुकसान कशाचं, सगळं विचारलं. आणि ताई, दोघांची उत्तरं जुळली. अगदी शब्दाला शब्द. मी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी धरून दोनदा तपासले. एक धंदा, एक उत्तर! सात वर्षं मी हेच सांगत होतो.

तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. एका दुकानावरून ठरवतोस?

ठरवत नाही, ताई. शेजारी गॅरेज आहे. भाऊ-भाऊ चालवतात म्हणे. उद्या सकाळी तिथे जातोय.